चित्रकथेतील साक्ष : एक तौलनिक टिपण
२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर आदळले. पूररोधक बांध फुटून न्यू ऑर्लीन्सचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. तेथील रहिवाशांच्या मुलाखतींवरून जॉश न्यूफेल्ड यांनी रचलेली ‘ए. डी.: न्यू ऑर्लीन्स आफ्टर द डेल्यूज’ ही चित्रकथा २००९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आरंभी शहर आकाशातून दिसते, जवळजवळ निःशब्द. मग चित्रकार एकेका घरात उतरतो. संमेलन-केंद्रापाशी अन्नपाण्यावाचून खोळंबलेल्या जमावाविषयी वृत्तपत्रांनी गुंडगिरीच्या अतिरंजित वार्ता दिल्या होत्या; तेथे अडकलेल्या स्त्रीच्या कथनात मात्र गुंड म्हणविले गेलेले तरुणच पाणी वाटताना दिसतात. ग्रंथाचे खरे मोल अशा चौकटींत आहे.

त्याच वर्षी चेन्नईच्या तारा बुक्सने जयदेव व मोयना चित्रकार या बंगाली पटुआ दांपत्याचा ‘त्सुनामी’ हा पट पुस्तकरूपाने काढला. २६ डिसेंबर २००४ ची लाट येथे राक्षसमुखी होते. बुडणारी माणसे अनामिकच राहतात. पट उलगडीत, बोटाने दाखवीत गाण्याची ही रीत पिंगुळीचे चित्रकथी जाणणाऱ्या मराठी अभ्यासकास परकी वाटू नये. सामूहिक शोकास हे रूप शोभते. साक्षीला मात्र विशिष्ट व्यक्ती लागते, तिचा पत्ता लागतो. न्यू ऑर्लीन्सचे बांध तर मूळ रचनेतील दोषांमुळेही फुटले होते. तेथील पाण्याला राक्षसाचे मुख दिले असते, तर ते बांधणारे चित्राबाहेर राहिले असते.