घराभोंवतालचें कुंपण व परवानगी : इंग्लंडांतील व्यवस्था

आपल्या जागेंत आपण वाटेल तसें कुंपण उभारावें, त्यांत सरकारचा संबंध काय, असें पुष्कळांस वाटतें. इंग्लंडांत या समजुतीस कायद्याची मर्यादा आहे. आपल्याकडील कित्येक शेतकरी कुटुंबांतील मुलें आज तिकडे घरें घेऊन राहिलीं आहेत. शिवाय या व्यवस्थेंत आपणांसहि घेण्यासारखा धडा आहे.

मूळ तत्त्व. नगर व ग्राम नियोजनाचा १९४७ चा कायदा १ जुलै १९४८ रोजीं अमलांत आला. त्यानें जमीन मालकाकडेच ठेविली, परंतु तिजवर नवें काम करण्याचा हक्क परवानगीच्या अधीन केला. पुढें १९९० च्या कायद्यांतहि हेंच तत्त्व कायम राहिलें. तथापि प्रत्येक लहान कामास अर्ज मागविणें अव्यवहार्य होय. म्हणून किरकोळ कामांस २०१५ च्या आदेशान्वयें सरसकट मुभा आहे.

उंची. वाहनांच्या रस्त्यास किंवा त्याच्या पायवाटेस लागून असलेलें कुंपण १ मीटर, म्हणजे सुमारें सव्वातीन फूट, व इतरत्र २ मीटर, म्हणजे सुमारें साडेसहा फूट, इतकें विनापरवानगी घालतां येतें. कोपऱ्यावरील घराच्या मालकानें विशेष जपावें. कारण त्याची बाजूची हद्दहि रस्त्यालाच लागून असते.

अपवाद. ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या इमारतीच्या आवारांत किंवा तिच्या हद्दीवर ही मुभा नाहीं. कांहीं वसाहतींत मूळ परवानगीच्या अटींनीं ती काढून घेतलेली असते. म्हणून आधीं स्थानिक कौन्सिलच्या कचेरींत चौकशी करावी. झाडांची वई लावण्यास अशी परवानगी लागत नाहीं. मात्र सदाहरित झाडांची वई २ मीटरांहून उंच वाढून शेजाऱ्यास जाच झाल्यास २००३ च्या कायद्यान्वयें कौन्सिलकडे तक्रार करतां येते.

अर्ज. मर्यादेबाहेर जावयाचें असल्यास प्रमाणबद्ध नकाशा व शुल्क यांसह कौन्सिलकडे अर्ज करावा. निकालाची सर्वसाधारण मुदत ८ आठवडे आहे. नकार मिळाल्यास अपील करतां येतें. परवानगीवांचून उभारलेलें कुंपण उतरविण्याची नोटीस निघूं शकते. २५ एप्रिल २०२४ पासून पुऱ्या झालेल्या कामांस ही कारवाई १० वर्षेंपर्यंत होऊं शकते. मग लांकूड, मजुरी व शेजाऱ्याचा स्नेह, तिन्ही वायां जातात.

हद्द. परवानगी मिळाली म्हणजे हद्द ठरली, असें नव्हे. तेथील जमीन नोंदणी खात्याचा नकाशाहि बहुधा हद्द ढोबळ मानानेंच दाखवितो. नेमकी रेषा शेजाऱ्यांनीं आपसांत लेखी ठरविलेली बरी. आपल्याकडेहि सातबाऱ्यावर क्षेत्र असतें, हद्दीची रेषा नसते. म्हणून खांब रोंवण्यापूर्वीं भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी, व मोजणीच्या वेळीं लगतच्या खातेदारास हजर राहण्याची विनंति करावी. मोजणीचा खर्च एकदांच होतो. हद्दीचा तंटा मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतो.