कार्ल्याचे चैत्यगृह : लेणी वाचायची कशी?



आपल्या धम्मवर्गातील एक विद्यार्थिनी सुट्टीत भारतात गेली असता लोणावळ्याजवळील कार्ले लेणी पाहून आली. ती स्थापत्यशास्त्र शिकते. तिने विचारले, "काका, छत अखंड दगडाचे आहे, मग त्याला लाकडी फासळ्या कशासाठी? त्या तर कसलाच भार पेलत नाहीत!" प्रश्न अगदी नेमका आहे, म्हणून आजचा पाठ यावरच.

डोंगरात कोरण्याआधी आपल्याकडे विहार आणि चैत्य लाकडाचे बांधले जात. ते टिकले नाहीत, पण त्यांचे रूप लोकांच्या डोळ्यांत बसले होते. दगडात कोरतानाही तेच रूप हवे होते, म्हणून सागवानी फासळ्या बसवल्या. (संगणकावर 'सेव्ह'साठी अजून फ्लॉपीचेच चित्र असते, तसे.) स्तूपावरचे छत्रसुद्धा लाकडी आहे.

हे चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले. लांबी सुमारे ३८ मीटर, उंची सुमारे १४ मीटर, खांब ३७. स्तूपामागचे ७ खांब साधे अष्टकोनी आहेत. दोन्ही बाजूंचे १५-१५ खांब घटासारख्या बैठकीचे असून त्यांच्या माथ्यावर प्राण्यांवर बसलेली माणसे कोरली आहेत. बांधकामात चुकलेली वीट काढता येते. इथे छिन्नी चुकली की दगड परत जोडता येत नाही.

माझ्या मते खरा अभ्यास दानलेखांचा आहे. ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत ते कोरलेले आहेत. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातील आजच्या बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी या शैलगृहाला जंबुद्वीपात उत्तम म्हणतो. दारासमोरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचे दान. पण दाराच्या लेखात धेनुकाकटचा सामि नावाचा सुतार आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे. भिक्षुणीही दान देतात. अनेक खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिले. मूळ परदेशी असलेली ही माणसे, पण त्यांतल्या काहींची नावे पूर्ण भारतीय वळणाची! आपण परदेशात विहारासाठी वर्गणी काढतो, तेव्हा हे खांब मला हटकून आठवतात.

मुलांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. गुहा निसर्ग घडवतो, लेणे माणूस कोरतो. शाळेच्या प्रकल्पात 'गुहा' लिहू नका. आणि दर्शनी भिंतीवरच्या बुद्धमूर्ती काही शतकांनंतरच्या आहेत. मूळ चैत्यात पूजेला फक्त स्तूप होता.

चैत्यासमोरच एकवीरा देवीचे मंदिर असल्याने पायऱ्यांवर गर्दी असते. भाविकांशी वाद घालू नये. सकाळी लवकर जावे, आत शांत बसावे, मग खांबांवरील अक्षरे शोधावीत. मळवली स्थानकाच्या दुसऱ्या बाजूला भाजे लेणी आहेत, कार्ल्याहून जुनी. पुढच्या पाठात ती घेऊ.

नमो बुद्धाय!