एका मिलिमीटरची हद्द

नानासाहेब : डॉक्टर, मेहुण्यांच्या गुदाशयात चार सेंटिमीटरांची गाठ आहे म्हणून आम्ही धास्तावलेले, आणि आपण मात्र एमआरआयच्या अहवालातील एका मिलिमीटरवरच खिळून राहिलात, हे कसे?

डॉक्टर : आपण मामलेदारी केलेली, शेत किती एकरांचे यापेक्षा त्याची हद्द कोठे पडते यावरूनच तंटे अधिक होतात, हे मी आपणांस काय सांगावे! गुदाशयाभोवती चरबीचे वेष्टन असते व त्यातच लसिकाग्रंथी वसतात. ते आवरणासह अखंड काढण्याची पद्धत बिल हील्ड या इंग्रज शल्यविशारदाने १९८२ साली मांडली, आणि लीड्सच्या फिलिप क्वर्क यांनी १९८६ साली काढलेल्या भागांचे आडवे छेद तपासून दाखविले, की रोग त्या कडेला भिडलेला असला म्हणजे तो बहुधा त्याच जागी पुन्हा उद्भवतो. म्हणून कडेचे अंतर एक मिलिमीटर वा त्याहून कमी दिसले, तर आधी किरणोपचार व केमोथेरपी, शस्त्रक्रिया मागाहून.

नानासाहेब : आधी शेक दिल्याने खरेच काही साधते?

डॉक्टर : जर्मनीतील २००४ सालच्या चाचणीत पाच वर्षांअखेर रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण, शेक व केमोथेरपी शस्त्रक्रियेपूर्वी दिली असता शेकडा ६, नंतर दिली असता १३ आढळले.

नानासाहेब : आणि हद्द सुरक्षित असली तर?

डॉक्टर : तर थेट शस्त्रक्रियाही होऊ शकते, परंतु तेवढ्यावर फैसला देऊ नये. रोग भिंतीबाहेर किती गेला, ग्रंथींत शिरला काय, आणि (ज्याची दखल अहवालात पुष्कळदा राहून जाते) भिंतीबाहेरील शिरेत घुसला काय, हेही पाहावे लागते, कारण त्याच वाटेने तो यकृतापर्यंत पोहोचतो. गाठ गुदद्वाराच्या स्नायूंपासून किती वर आहे, यावर शौचाची पिशवी कायमची की तात्पुरती, हे बव्हंशी ठरते.

नानासाहेब : म्हणजे सारा कारभार एमआरआयचाच?

डॉक्टर : नव्हे. जनुकांतील चुका दुरुस्त करणारी पेशींची यंत्रणाच काही थोड्या गाठींत बिघडलेली असते. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये अशा १२ रुग्णांना प्रतिकारशक्ती चेतविणारे डोस्टारलिमॅब हे औषध दिले, तेव्हा बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली व त्यांना ना शेक लागला, ना शस्त्रक्रिया. ही यंत्रणा बिघडली आहे काय, याची चाचणी मेहुण्यांच्या बायॉप्सीवर अद्याप झालेली नाही. तिचा निकाल हाती येईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख आपण कृपा करून घेऊ नये.