डिस्टेंपर झालेल्या कुत्र्याची शुश्रूषा



डिस्टेंपर हा कुत्र्याची श्वसनसंस्था, पचनसंस्था आणि पुढे मेंदू पोखरणारा विषाणूजन्य रोग आहे. माणसाला होणारा गोवर आणि गुरांची बुळकांडी यांचे विषाणू याच कुळातले. डिस्टेंपर विषाणूमुळे होतो, हे फ्रेंच पशुवैद्य आंरी कारे यांनी १९०५ मध्ये दाखवले. बुळकांडीचे २०११ पर्यंत जगातून उच्चाटन झाले. डिस्टेंपर मात्र मोकाट कुत्र्यांच्या वस्तीत टिकून राहिला. सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्याच्या परिसरातील गावकुत्र्यांचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांचा या विषाणूशी कधी ना कधी संबंध आल्याचे दिसले. जी वाचली तीच तपासणीत सापडली. पिल्लेपणी गेलेल्यांची गणती कोणाकडे नसते.

या विषाणूला थेट मारणारे खात्रीचे औषध नाही. दवाखान्यातून मिळते ते सलाईन, नंतर जडणाऱ्या जिवाणूंवरची प्रतिजैविके, उलटी आणि झटके थांबवणारी औषधे. त्यांनी कुत्र्याच्या शरीराला झुंजायला वेळ मिळतो. बाकीचे काम घरच्या माणसाचे, आणि ते दोन-चार दिवसांत संपणारे नसते.

रोगाची चाल समजली तर शुश्रूषेत चूक कमी होते. लागण झाल्यावर तीन ते सहा दिवसांत पहिला ताप येतो आणि लवकरच उतरतो. तो बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही. थोड्या दिवसांनी दुसरा ताप येतो. डोळ्यांत चिपडे, नाकातून घट्ट शेंबूड, खोकला, अन्नावरची वासना जाणे, उलट्या, जुलाब, पोटाच्या खालच्या कातडीवर पुळ्या अशी लक्षणे दिसू लागतात. काहींच्या नाकाची आणि पंजाच्या तळव्यांची कातडी जाड व कडक होते. मग ताप उतरतो, कुत्रा खाऊ लागतो, शेपूट हलवतो. येथेच बहुतेक घरांची फसगत होते. औषधे सुटतात, इतर कुत्र्यांत त्याला सोडले जाते, आणि एक ते तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, मेंदूची लक्षणे उमटतात: जबडा चघळल्यासारखा चालणे, तोंडाला फेस, झटके, गोल गोल फिरणे, मागचे पाय लुळे पडणे, एखादा स्नायू झोपेतही उडत राहणे. प्रत्येक कुत्र्यात हा टप्पा येतोच असे नाही. तरी ताप गेल्यानंतरचे निदान दोन महिने आजारपणाचेच धरावेत.

लक्षणे दिसताच कुत्र्याला पशुवैद्याकडे न्यावे, पण प्रतीक्षालयात इतर कुत्र्यांमध्ये बसवू नये. आधी फोन करून बाहेर थांबावे. डोळ्यातील स्रावावर तत्काळ होणारी किटची तपासणी सोयीची आहे, परंतु तिच्यात दोष न आढळल्याने रोग नाही असे ठरत नाही. पीसीआर तपासणी अधिक भरवशाची. अलीकडे लस दिली असेल तर तिची तारीख सांगावी, कारण लसीतल्या विषाणूमुळेही पीसीआरचा निकाल होकारार्थी येऊ शकतो.

एका बाबतीत मुळीच ढिलाई नको. लाळ गाळणारा, झटके येणारा, वागणे बदललेला कुत्रा पिसाळलेलाही असू शकतो आणि नुसत्या नजरेने हे दोन रोग नेहमी वेगळे ओळखता येत नाहीत. विशेषतः लशीचा इतिहास ठाऊक नसलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याला हातमोज्यांशिवाय हाताळू नये, त्याच्या तोंडात हात घालू नये. चावा बसला किंवा जखमेला लाळ लागली, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. कुत्र्याचे निदान होण्याची वाट पाहू नये. डिस्टेंपरपासून माणसाला आजार होत नाही, पण ही ग्वाही रेबीजला लागू नाही.

आजारी कुत्र्याची खोली, ताटली आणि अंथरूण वेगळे ठेवावे. विषाणू श्वासातल्या थेंबांतून, शेंबडातून, लघवीतून बाहेर पडतो. काही कुत्र्यांत दोन-तीन महिनेसुद्धा. घरात निरोगी कुत्रे असेल तर आधी त्याचे करावे, मग आजाऱ्याचे, आणि नंतर कपडे बदलून हात धुवावेत. शरीराबाहेर हा विषाणू नाजूक आहे. ऊन, कोरडेपणा, साबण आणि पातळ केलेले ब्लीच यांनी तो मरतो.

रोजची शुश्रूषा डोळ्या-नाकापासून सुरू होते. कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापसाने चिपडे भिजवून अलगद पुसावीत, प्रत्येक डोळ्याला नवा बोळा घ्यावा. या रोगात डोळे कोरडे पडून बुबुळावर जखम होऊ शकते. म्हणून घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब घालू नयेत. नाक मोकळे करणे जेवणाइतकेच महत्त्वाचे, कारण कुत्रा वासावर जेवतो. नाक चोंदलेल्या कुत्र्यापुढे कितीही चांगले अन्न ठेवले तरी तो तोंड फिरवतो. पशुवैद्याने सांगितल्याप्रमाणे नेब्युलायझरने सलाईनची वाफ द्यावी, मग ओंजळीसारख्या वाकवलेल्या तळहाताने छातीच्या दोन्ही बाजूंना हलके थापटावे आणि जमल्यास चार पावले चालवावे, कफ सुटतो. खोकला दाबणारे सिरप मनाने देऊ नये. तो खोकला छातीतली घाण बाहेर काढत असतो.

अन्न कोमट, मऊ आणि थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. उकडलेली कोंबडी कुस्करून भातात, अंडे, तांदळाची पेज चालते. कांदा, लसूण आणि मसाला अजिबात नको. स्वतः खात नसेल तर सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या कोपऱ्यातून थोडे थोडे घालावे. डोके वर उचलून घशात ओतले तर अन्न फुप्फुसात जाते, आणि आधीच न्यूमोनिया असलेला कुत्रा त्यानेच दगावतो. गुंगीत असलेल्या किंवा नुकताच झटका येऊन गेलेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही घालू नये. हिरड्या कोरड्या व चिकट लागल्या, खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसली, तर पाणी कमी पडले आहे असे समजावे. पोटात काहीच ठरत नसेल तर सलाईनसाठी दवाखाना गाठावा.

कुत्र्याचे स्वाभाविक तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे माणसाचा ९८.४ चा आकडा येथे धरू नये. ताप, खाणे, लघवी, शौच आणि झटके यांची वेळेसह वही ठेवावी. डॉक्टरचे अर्धे काम तिने होते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या घरातल्या गोळ्या ताप उतरवायला म्हणून देऊ नयेत. यकृत, जठर आणि मूत्रपिंडे त्यांनी बिघडतात.

झटका आला की कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची जुनी सवय कुत्र्याच्या बाबतीतही पुढे येते. तिचा उपयोग शून्य आणि चाव्याचा धोका पुरेपूर. आजूबाजूची टणक वस्तू हलवावी, दिवा मंद करावा, आवाज बंद करावेत, घड्याळ पाहावे, शक्य तर मोबाइलवर चित्रण करावे. जीभ धरायला जाऊ नये. झटका पाच मिनिटांहून लांबला किंवा एका दिवसात दोनाहून अधिक झटके आले तर वेळ न दवडता दवाखान्यात न्यावे. झटक्यांची सुरू केलेली गोळी एकाएकी बंद करू नये.

पाय गेलेल्या कुत्र्याला जाड, कोरड्या अंथरुणावर ठेवून दर तीन-चार तासांनी कूस बदलावी. कोपर आणि कमरेची हाडे टेकतात तेथे जखमा होतात. लघवी तुंबली तर पोट दाबून ती काढण्याची पद्धत डॉक्टरकडून शिकून घ्यावी. ओले केस कापावेत, पावसाळ्यात मच्छरदाणी लावावीच. ओल्या अंगावर माश्या बसल्या की बघता बघता अळ्या पडतात. सांधे दिवसातून काही वेळा हलकेच वाकवून सरळ करावेत.

स्नायू उडणे कधी कधी जन्मभर राहते. तेवढ्यासाठी कुत्र्याला मरण देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. असे कितीतरी कुत्रे खातात, खेळतात, माणसाच्या मागे धावतात. झटके औषधांनी आवरेनात, कुत्रा माणूस ओळखेना, गिळता येईना, आणि दिवसागणिक ढासळत चालला, तर मात्र त्याला शांतपणे निरोप देणे हीही शुश्रूषाच, आणि तो निर्णय डॉक्टरसोबत बसून घ्यावा. मनापासून केलेल्या सेवेनंतरही पुष्कळ कुत्री, विशेषतः पिल्ले, वाचत नाहीत. तो दोष सेवा करणाऱ्याचा नव्हे.

संपर्कात आलेल्या, लस न झालेल्या कुत्र्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने लगेच लस द्यावी. आजारी कुत्र्याला ती देऊन उपयोग नाही. पिल्लांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. आईकडून आलेली प्रतिपिंडे लस निष्प्रभ करतात व ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते, म्हणून हा शेवटचा डोस चुकवू नये. गल्लीतल्या कुत्र्यांनाही जमेल तशी लस द्यावी. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यातही हा विषाणू आढळला. गावाच्या कडेचा कुत्रा आणि रानातला प्राणी यांच्यामध्ये या रोगाला कुंपण नसते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहावी लागते, म्हणून ती बर्फाच्या डब्यातून आणली आहे ना, हे टोचण्यापूर्वी विचारावे. वर्षभराच्या आत एक बूस्टर द्यावा आणि पुढच्या डोसांचे अंतर डॉक्टरांकडून लसपुस्तिकेत लिहून घ्यावे.