संगणकाची स्मृती : पत्ता आणि आशय

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी तेथेच संशोधन मंडळ स्थापन झाले. अशा संग्रहातील एखादे बाड हवे असल्यास अभ्यासक प्रत्येक रुमाल सोडून पाहत नाही. सूचीतील क्रमांकावरून तो नेमक्या फडताळाशी जातो.

संगणकाची स्मृतीही अशाच क्रमांकित कप्प्यांची असते. कप्प्याचा क्रमांक म्हणजे त्याचा पत्ता. एका कप्प्यात एक बाइट, म्हणजे ० ते २५५ पैकी एक संख्या मावते. युनिकोडमध्ये ‘ळ’चा संकेतांक २३५५ आहे, तो एका कप्प्यात कसा मावणार? म्हणून यूटीएफ-१६ पद्धतीत त्याला दोन कप्पे दिले जातात. मोठा अंश आधी ठेवल्यास पहिल्यात ९ आणि दुसऱ्यात ५१ येतात : ९ × २५६ + ५१ = २३५५.

समजा, ‘जळगाव’ हा शब्द ५००० या पत्त्यापासून ठेवला आहे. त्यात ज, ळ, ग, काना आणि व असे पाच संकेत आहेत. (काना येथे स्वतंत्र संकेत ठरतो, हे आपण वर्णविचारात शिकलो त्याहून वेगळे आहे.) शेवटचा ‘व’ हवा असल्यास संगणक आधीचे चार संकेत वाचत बसत नाही. आरंभापासूनचे अंतर चार, प्रत्येकाला दोन कप्पे; म्हणून ५००० + (४ × २) = ५००८. मजकूर कितीही लांबला तरी, संकेत असे समान लांबीचे असतील, तर एक गुणाकार आणि एक बेरीज पुरते.

लगेच पुढे, ५०१० पासून ‘धुळे’ ठेवल्यास त्यातील ‘ळ’ ५०१४ वर येतो. ‘जळगाव’मधला ५००२ वर आहे. पत्ते दोन, आशय एकच. ‘ळ’चा पत्ता २३५५ आहे, असे लिहिणे ही म्हणूनच मूलभूत चूक होय.

बाड हलविले आणि सूची तशीच राहिली, तर अभ्यासकाला निदान रिकामी जागा दिसते. संगणकाला तेवढीही सूचना मिळत नाही. ‘जळगाव’ ५००० ऐवजी ५००१ पासून वाचला, तर ‘ज’चा उत्तरार्ध २८ आणि ‘ळ’चा पूर्वार्ध ९ एकत्र येतात : २८ × २५६ + ९ = ७१७७. हा संकेतांक सिक्कीमकडील लेपचा लिपीतील अक्षराचा आहे, आणि पडद्यावर निमूटपणे तेच उमटते.