चरबीचा कॅन्सर, पण चरबी गेली कुठे?

प्रश्न : माझ्या काकांच्या पोटातून मोठी गाठ काढली. रिपोर्ट आला ‘डीडिफरन्शिएटेड लायपोसार्कोमा’. डॉक्टर म्हणाले, हा चरबीच्या पेशींचा कॅन्सर. पण गाठीच्या बऱ्याच भागात चरबीच नाही, असंही रिपोर्टात लिहिलंय. हे कसं? शिवाय गाठीबरोबर डावी किडनी काढली, ती तपासणीत निरोगी निघाली. मग काढली कशाला?
– एक वाचक, कराड

उत्तर : दोन्ही प्रश्नांचं उत्तर गाठीच्या आतच आहे, म्हणून आधी ती कापून पाहू.

अशी गाठ पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर आली की आधी तिला बाहेरून शाई लावतात. त्यामुळे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तिची कड ओळखू येते. मग सुरी चालते. एक भाग पिवळा आणि मऊ असतो, अगदी साध्या चरबीसारखा. तिथेच कुठेतरी पांढरट, घट्ट, माशाच्या मांसासारखा गोळा लागतो. दोन्हींमधली सीमा बहुधा ठळक असते. पिवळ्या भागातल्या पेशी अजून चरबी साठवतात, सावकाश वाढतात आणि सहसा दुसरीकडे पसरत नाहीत. पांढऱ्या भागातल्या पेशींनी चरबी साठवणं सोडून दिलेलं असतं. त्या भराभर वाढतात, आणि काही वेळा तर त्यांच्यात स्नायू किंवा हाडासारखा भागही तयार होतो. काकांच्या रिपोर्टातला ‘चरबी नसलेला भाग’ तो हाच.

मग त्याला चरबीचा कॅन्सर कशावरून म्हणायचं? जनुकांवरून. दोन्ही भागांतल्या पेशींमध्ये १२व्या गुणसूत्राच्या एका तुकड्याच्या कितीतरी जादा प्रती झालेल्या असतात. त्या तुकड्यावर एमडीएम२ आणि सीडीके४ ही जनुकं आहेत. बिघडलेल्या पेशीला थोपवणाऱ्या पी५३ या प्रथिनाला एमडीएम२ निकामी करतं, तर सीडीके४ पेशीला विभाजनाकडे ढकलतं. म्हणून पिवळी चरबी अजिबात दिसली नाही, तरी फिश नावाच्या चाचणीत या जादा प्रती दिसल्या की गाठीचं मूळ कळतं. हॅरी इव्हान्स यांनी १९७९मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हा ही सोय नव्हती. पुढे २००३मध्ये फ्रेंच पॅथॉलॉजिस्ट कॉइन्द्र आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या मागच्या भागातल्या, वेगळंच निदान झालेल्या २५ गाठी पुन्हा तपासल्या. त्यातल्या बहुतेक याच आजाराच्या निघाल्या. (हातावर, पाठीवर कातडीखाली येणाऱ्या साध्या चरबीच्या गाठींमध्ये ही जनुकांची वाढ नसते. त्यांची धास्ती घेऊ नका.)

सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये हा पांढरा भाग पहिल्याच गाठीत सापडतो. उरलेल्यांमध्ये आधीची सौम्य गाठ परत येते तेव्हा तो दिसतो.

आता किडनी. ही गाठ सर्वाधिक वेळा पोटाच्या मागच्या भागात, किडनीच्या आसपासच्या चरबीत होते. तिथे जागा भरपूर, त्यामुळे ती दुखल्याखुपल्याशिवाय मोठी होत राहते. आणि तिची खरी खोड अशी की ती त्याच जागी परत येते. निदान ४० टक्के रुग्णांमध्ये ती परत येते, पोटातल्या गाठींमध्ये तर त्याहून जास्त. दूर पसरण्याचं प्रमाण १५ ते २० टक्के, तेही बहुधा फुप्फुसात. म्हणजे पोटातल्या या आजारात जीव जातो तो बहुतेकदा तिथल्या तिथे पुन्हा वाढलेल्या गाठीमुळे. हातापायांत तीच गाठ झाली तर परिणाम बरेच चांगले असतात, कारण भोवतालचा भाग मोकळेपणाने काढता येतो.

पोटात सर्जनपुढे अडचण वेगळीच असते. गाठीची पिवळी चरबी आणि किडनीभोवतीची निरोगी चरबी डोळ्यांना सारखीच दिसते. किडनी वाचवायला गाठ सोलून काढली, तर थोडी गाठ मागे राहते. म्हणून किडनी आणि मोठ्या आतड्याचा लगतचा भाग गाठीसकट एकसंध काढतात. किडनी निरोगी निघाली याचा अर्थ ती उगाच काढली असा होत नाही. तिच्यामुळे गाठीभोवती कड मिळाली. पहिल्या ऑपरेशनला मिळणारी ही संधी दुसऱ्यांदा तितकी चांगली मिळत नाही. म्हणून ते सार्कोमाचा अनुभव असलेल्या ठिकाणीच व्हावं, असं मला ठामपणे वाटतं.

औषधांची मदत अजून तोकडी आहे. ऑपरेशनआधी किरणोपचार देऊन पाहणाऱ्या स्ट्रास चाचणीत २६६ रुग्ण होते. २०२०मध्ये निष्कर्ष आले, एकूण फायदा दिसला नाही. डॉक्सोरुबिसिन, एरिब्युलिन, ट्रॅबेक्टेडिन काहींना उपयोगी पडतात. एमडीएम२ आणि सीडीके४ यांना रोखणाऱ्या औषधांवरही चाचण्या झाल्या आहेत.

काकांच्या रिपोर्टात गाठीचा ग्रेड आणि एमडीएम२ चाचणी नोंदवली आहे का, ते पाहा. नसेल, तर रुग्णालयाकडून काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या आणि परळच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात दाखवा. पोटाचा आणि छातीचा स्कॅन सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी लागेल, आणि पाच वर्षं उलटली तरी तो थांबवू नका. ही गाठ उशिराही परतते.