वीज साठवण आणि कायदा

सौर ऊर्जा भर दुपारी मुबलक मिळते. विजेची मागणी मात्र दिवेलागणीस वाढते. ही तफावत भरून काढण्यासाठी बॅटरीवर आधारित साठवण प्रकल्प उभारले जात आहेत. त्यांच्यामुळे कायद्यापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला.

विद्युत अधिनियम, २००३ अन्वये पारेषण, वितरण व वीजव्यापार यांस परवाना आवश्यक आहे. निर्मितीस तो लागत नाही. बॅटरी भारित होताना वीज घेते, म्हणून ती ग्राहक भासते. तीच वीज परत देताना ती निर्मिती केंद्र ठरते. मग तिचा कायदेशीर दर्जा कोणता?

केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये विद्युत नियमांत दुरुस्ती करून या प्रश्नाचे उत्तर दिले. निर्मिती कंपनीने अथवा परवानाधारकाने आपल्याच आवारात उभारलेल्या व स्वतः चालविलेल्या प्रकल्पास मालकाचाच दर्जा लाभतो. स्वतंत्र प्रकल्पास निर्मिती कंपनीप्रमाणे परवान्याची गरज नाही. साठवणक्षमता विकण्याची किंवा भाड्याने देण्याची मुभाही देण्यात आली आहे.

ही सवलत बंधनमुक्त नाही. अधिनियमाच्या कलम ७ नुसार ग्रिडशी जोडणीच्या तांत्रिक मानकांचे पालन अनिवार्य आहे. तसेच, निकामी झालेल्या बॅटऱ्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांन्वये उत्पादकांवर आहे. परवान्याचा अडसर दूर झाला असला, तरी सुरक्षित व अखंड वीजपुरवठा या मानकांच्या काटेकोर पालनावरच अवलंबून राहील.